आठवण करायची नाही

४ सप्टेंबर, गुरुवार

समुपदेशक बाईंनी मुलाला आणि सूनबाईंना एकेक वही घालायला सांगितली आहे. दिवसभरात काय खटकलं, काय बरं वाटलं, ते लिहायचं. चिरंजीव वह्या आणायला तीनदा गेले, कारण आपण वह्या आणल्या आहेत हे त्यांना दोनदा आठवलं नाही. आता घरात सहा वह्या झाल्या. एक मी घेतली.

मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं वाचन वाचनालयाच्या जिवावर केलं. हे जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून मुलाकडे राहते. दोघं कामावर गेली की घरात बोलायला भिंती उरतात. त्यापेक्षा वही बरी.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. सूनबाई वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक आहेत. एखाद्या दुकानाचा काटा पाच ग्रॅमनं खोटा असेल तर त्यांना दारातूनच वास येतो. अशा बाईची गाठ माझ्या मुलाशी पडली. तो दुसऱ्यांच्या लिफ्टमधला एक स्क्रू विसरत नाही, पण भाजी आणायला गेला तर बॅटरीचे सेल घेऊन येतो. चाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला एडीएचडी म्हणतात. लक्ष एका जागी ठरत नाही आणि ठरलं तर तिथून निघत नाही. आजार नव्हे, मेंदूची ठेवणच तशी. मी म्हटलं, नाव मिळालं हेही काही कमी नाही.

आता खरी गोष्ट. सूनबाईंना बढतीवर बदली आली आहे, नऊ तासांच्या अंतरावर. एकतीस ऑक्टोबरला संध्याकाळी पाचपर्यंत लेखी काही कळवलं नाही, तर ऑफिस होकार धरणार. त्या मुलाला म्हणाल्या, "तोवर आपण बाईंकडे जाऊ. फरक पडला तर राहीन. नाही पडला तर एकटी जाईन, आणि मग मला परत बोलवायचं नाही."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

७ सप्टेंबर, रविवार

स्वयंपाकघरात फळा लागला. चिरंजीवांची रोजची चार कामं: सकाळी सातच्या आत कचरा बाहेर ठेवणे, आंघोळीनंतर गीझर बंद करणे, मशीनमधले कपडे वाळत घालणे, आणि संध्याकाळी सातपर्यंत घरी येणे किंवा फोन करणे. स्वतःहून केलं की बरोबरची खूण. आठवड्याला अठ्ठावीस खुणा.

आणि बाईंचा नियम: कुणी आठवण करायची नाही. सूनबाईंनी नाही, मीही नाही. बाई म्हणे चिरंजीवांना म्हणाल्या, "घरात दोन बायका तुमची आठवण सांभाळतात, मग तुमची स्वतःची कशाला कामाला लागेल?"

दोन कुठल्या? सूनबाई सांभाळतात हे मला ठाऊक आहे. मी आपली कधीमधी सुचवते.

९ सप्टेंबर, मंगळवार

वाचनालयातून ह्या विषयावरचं पुस्तक आणलं. दोन दिवसांत वाचून काढलं. आता मला सगळीकडे तेच दिसतं. ग्रंथपालाला आहे, त्यानं माझ्या कार्डावर शिक्का मारता मारता खिडकी उघडली आणि शिक्का खिडकीतच ठेवला. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यालाही असावं.

एका पानावर लक्षणांची यादी होती. ती वाचून मी पुस्तक पालथं घातलं. ती ह्यांची कुंडली होती. ह्यांचं रेडिओ, पंखे, इस्त्र्या दुरुस्तीचं दुकान. पाच रेडिओ उघडून ठेवायचे आणि सहाव्याला हात घालायचा. कुठला स्क्रू कुणाच्या रेडिओचा, हे फक्त मला माहीत, कारण प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचं काम माझं. कुणाचा, काय बिघडलंय, कधी द्यायचा. एकेचाळीस वर्षं. लोक म्हणायचे, काका विसरभोळे आहेत पण दुकान कसं शिस्तीत चाललंय. हे म्हणायचे, "चालायचंच."

१४ सप्टेंबर, रविवार

पहिला आठवडा. अठ्ठावीसपैकी पाच.

एकदा कपडे मशीनमध्ये दोन दिवस राहिले. त्यांना असा वास आला की खालच्या कुत्र्यानंही नाक मुरडलं असतं.  संध्याकाळी सूनबाईंनी माळ्यावरून मोठी सुटकेस काढली, पुसली आणि टेप घेऊन तिची लांबी-रुंदी मोजली. मोजणं हा त्यांचा पेशाच आहे म्हणा. 

१६ सप्टेंबर, मंगळवार

आठवण करायची नाही असं ठरलंय. खोकायचं नाही असं काही ठरलेलं नाही. आज सकाळी चिरंजीव कचऱ्याच्या पिशवीला वळसा घालून निघाले, तेव्हा मला खोकला आला. ते थांबले, मागे बघितलं, पिशवी उचलली.

गीझरपाशीही आला.

सूनबाई चहा ओतत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आई, औषध घ्या. नाहीतर खोकू नका."

१८ सप्टेंबर, गुरुवार

पुष्कळ विचार केला. बाई म्हणाल्या, आठवण करायची नाही. म्हणजे तोंडानं. चिरंजीवांच्या शर्टाच्या खिशात रोज सकाळी एक छोटी चिठ्ठी असेल तर ती त्यांनी स्वतःच वाचायची, स्वतःच समजायची, स्वतःच करायचं. ह्यात मी कुठे आले?

अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हातानं लिहिते. कोंबडी पाय आपटत गेल्यासारखं येतं. पहिली चिठ्ठी: "गीझर. कपडे. सात."

२१ सप्टेंबर, रविवार

अठ्ठावीसपैकी एकोणीस. सूनबाईंनी दोनदा मोजलं, मग मागे सरकून लांबून मोजलं.

चिरंजीवांचं मात्र मला कळेनासं झालंय. सकाळी खिशात हात घालतात, चिठ्ठी वाचतात, आणि सूनबाईंकडे बघून गालात हसतात. काल त्यांनी न सांगता तिच्यासाठी चहा केला. साखर दोनदा पडली होती, तरी तिनं संपवला.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज फजिती झाली. न्हाणीघरातला नळ गळतो म्हणून मी प्लंबरला सहाला बोलावलं होतं. पाना-पकडीतलं चिरंजीवांना कळतं, ते घरी असलेले बरे. चिठ्ठी लहान, जागा कमी, म्हणून एवढंच लिहिलं: "आज लवकर ये. वाट बघते."

चिरंजीव साडेपाचलाच हजर. हातात फुलं. दाढी केलेली, ती कुठे केली देव जाणे. सूनबाई आल्या तशी त्यांना म्हणाले, "चल, बाहेर जेवू." त्या दारातच उभ्या राहिल्या. मग पर्स खाली ठेवली, परत उचलली आणि निघाल्या. दोघं गेली.

प्लंबर आला. मी पाना धरून उभी राहिले. तो म्हणाला, "आजी, घरात कुणी बाप्या माणूस नाही का?" मी म्हटलं, आहे, पण तो आज घरी वेळेवर आला म्हणून बाहेर गेलाय.

५ ऑक्टोबर, रविवार

सव्वीस. सुटकेस परत माळ्यावर गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

सूनबाई माझ्यासोबत भाजी निवडायला बसल्या. असं कधी होत नाही. म्हणाल्या, "आई, मी बदलीला नाही म्हणून कळवणार आहे. दहा वर्षं मला वाटायचं, ह्याला मी महत्त्वाची नाही म्हणून हा विसरतो. आता दिसतंय की मनात आणलं तर त्याला जमतं."

मी म्हटलं, बरं झालं. आणि निवडलेली भाजी परत निवडायला घेतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही. थोड्या वेळानं मी विचारलं, "एखाद्या दुकानदारानं पारड्याखाली लोहचुंबक चिकटवला तर त्याला काय करता हो तुम्ही?"

"काटा जप्त."

"आणि त्याचा हेतू चांगला असेल तर? म्हणजे गिऱ्हाइकाला जास्त माल मिळावा म्हणून?"

त्या हसल्या. "असा दुकानदार अजून भेटला नाही. पण खोटं माप ते खोटंच, आई. कुणाच्याही बाजूनं झुकलेलं असो."

सांगून टाकावं असं मनात आलं. पण सांगितलं तर सुटकेस खाली येणार. सोमवारची चिठ्ठी लिहून ठेवली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज बाईंनी मलाही बोलावलं होतं. खोलीत चार खुर्च्या, एक मेज, मेजावर डोळे पुसायच्या कागदांचं खोकं. मला वाटलं शाबासकी द्यायला बोलावलंय.

बाईंनी चिरंजीवांना विचारलं, "एवढा फरक कशानं पडला, सांगाल?"

चिरंजीव चक्क लाजले. म्हणाले, "मी सांगणार नव्हतो. पण श्रेय तिचं आहे. नियम मोडून ती रोज माझ्या खिशात चिठ्ठी ठेवते." आणि वॉलेटमधून सगळ्या चिठ्ठ्या काढून मेजावर पसरल्या. एकही टाकली नव्हती. हातातला डबा हरवणाऱ्या माणसानं चार आठवडे ते कपटे जपले होते.

सूनबाईंनी एक उचलली. उजेडात धरली. "हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, आता काय लाजायचं?"

"माझं अक्षर एवढं वाईट आहे?"

"आहेच की," चिरंजीव प्रेमानं म्हणाले.

मग दोघंही परत चिठ्ठ्यांवर वाकली. बाई माझ्याकडे वळल्या. "काकू?"

मी म्हटलं, "डाव्या हातानं लिहिलंय. एरवी माझं अक्षर चांगलं आहे."

चिरंजीवांनी एक चिठ्ठी शोधून माझ्यापुढे धरली. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ही पण तुझीच? वाट बघते?"

"प्लंबर यायचा होता रे."

सूनबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे चार आठवडे मी ज्या नवऱ्याच्या नव्यानं प्रेमात पडत होते, तो नवरा तुम्ही होतात."

"आणि मी ज्या बायकोच्या," चिरंजीव म्हणाले, आणि चिठ्ठ्या गोळा करायला लागले.

बाईंना हसू आलं असावं, कारण त्या वाकून पेन शोधायला लागल्या आणि पेन त्यांच्या हातातच होतं. मग सरळ बसून त्यांनी मला विचारलं, "काकू, न सांगता राहिलात तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

मला वाटलं होतं, मी म्हणेन, कपड्यांना वास येईल. पण तोंडातून दुसरंच आलं. मी त्यांना सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मी बहिणीकडे दोन दिवस गेले होते. परत आले तेव्हा ह्यांच्या गोळ्यांच्या डबीत सोमवार आणि मंगळवारचे खण तसेच भरलेले होते. हे कामाच्या मेजावर डोकं टेकून बसलेले, समोर उघडलेला रेडिओ. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांच्या गोळ्यांनी असं काही होत नसतं, ते व्हायचंच होतं. डॉक्टर चांगला माणूस होता.

 बाईंनी ते कागदांचं खोकं माझ्याकडे सरकवलं. मला नको होतं. मुलानं दोन घेतले.

बसमध्ये तिघं तीन सीटवर बसलो.

१९ ऑक्टोबर, रविवार

सूनबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. "मीठ." "किल्ली." त्या रागावल्या आहेत ते बरोबर आहे. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना सुख झालं, आणि ते खोट्या काट्यावर तोललेलं निघालं. बदलीचं काय ठरलं, कुणी विचारत नाही.

चिरंजीव आज माझ्या खोलीत आले, दारालाच टेकून उभे राहिले. "आई, एक सांगू? लहान मूल लिफ्टमध्ये असलं की हात पोचत नाही म्हणून मोठं माणूस बटण दाबतं. माझा हात कधीचाच पोचतोय. पण मी बघावं तर तू आधीच दाबून ठेवलेलं असतं."

"वेळ वाचतो रे."

"माझा नाही वाचत," तो म्हणाला.

पुस्तकात हे कुठे लिहिलं नव्हतं. परत एकदा बघायला हवं.

२६ ऑक्टोबर, रविवार

चिठ्ठ्या बंद. खोकला बंद. सकाळी सहा ते आठ मी खोलीचं दार लावून वाचत बसते. अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही, कान सगळे बाहेर. शुक्रवारी गीझर तासभर चालू होता. मी तेच पान अकरा वेळा वाचलं.

चिरंजीवांनी आपली स्वतःची युक्ती काढली आहे. कचऱ्याची पिशवी दाराच्या कडीलाच अडकवतात, म्हणजे ती काढल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आणि डावा बूट न्हाणीघरात गीझरच्या बटणाखाली ठेवतात. एका बुटावर कामाला जाता येत नाही. एकदा गेले होते म्हणे जिन्यापर्यंत.

अठ्ठावीसपैकी सात. सूनबाई फळ्यापाशी गेल्या आणि साताचे आठ केले. "सोमवारचा कचरा धरायचा राहिला होता," एवढंच म्हणाल्या.

३० ऑक्टोबर, गुरुवार

जेवण झाल्यावर सूनबाईंनी मेजावर एक लिफाफा ठेवला. डिंकानं बंद केलेला. म्हणाल्या, "माझं उत्तर. उद्या पाचच्या आत मुख्य ऑफिसात द्यायचं. तिथे सहीचा कागदच लागतो. मला उद्या पहाटेच बाहेरगावी पेट्रोलपंप तपासायला जायचंय."

"आज का नाही दिलंस?" चिरंजीवांनी विचारलं.

"आज दुपारपर्यंत ठरलं नव्हतं. आता ठरलंय. परीक्षा बघत नाहीये तुझी, दुसरं कुणी नाहीच." मग माझ्याकडे वळल्या. "आई."

मी म्हटलं, "मी काही बोलणार नाही."

चिरंजीवांनी लिफाफा दोन्ही हातांनी उचलला. आत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

चिरंजीवांनी अर्धा दिवस रजा काढली. बरोबर दोनला निघाले. हत्यारांची पिशवी घेतली, वाटेत एका इमारतीची लिफ्ट नुसती बघून पुढे जायचं होतं. छत्रीसाठी परत आले. फोनसाठी परत आले. गेले.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेले. लिफाफा फ्रिजवर.

फोन हातात घेतला. खाली ठेवला. समोरच्या खुर्चीत बसले. आणि बसल्यावर मला जे सुचलं ते आधी सुचलं असतं तर रात्री झोप लागली नसती. होकार द्यायचा असता तर सूनबाईंना कागद लिहायची गरजच नव्हती. काही कळवलं नाही तर होकारच धरणार होते. म्हणजे आत बदलीचा होकार नव्हता. हा कागद फ्रिजवर राहिला तर ती जाणार होती, तेही तिला जायचं नसताना.

अडीच. मुलगा त्या लिफ्टमध्ये डोकं घालून बसला असणार. एकदा डोकं घातलं की त्याला दिवस-रात्र कळत नाही. मुख्य ऑफिसापर्यंत पाऊण तासाची बस. मी स्वतःसुद्धा नेऊन देऊ शकले असते. चपला घातल्या. काढल्या.

तीन. फोन परत हातात आला. कसा आला मला कळलं नाही. तेव्हा मी उठले आणि शेजारणीकडे गेले. म्हटलं, "हा फोन ठेवून घ्या. पाचच्या आधी मी मागितला तरी द्यायचा नाही."

"बिघडलाय का?"

"तो चांगला आहे. मी बिघडलेय."

त्या जास्त विचारत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे गेले.

परत येऊन खुर्चीत बसले. हात मांडीखाली घातले. पुस्तक, वही, कशालाही हात लावला नाही. इतक्या वर्षांत मी असं काहीच न करता बसलेली मला आठवत नाही. हे असते तर म्हणाले असते, बरं नाही का वाटत?

चार वाजून अठरा मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली. दार उघडून चिरंजीव आत आले, घामानं निथळत, कपाळाला ग्रीस. आधी मेज बघितलं, मग कपाट, मग फ्रिज. लिफाफा घेतला. माझ्याकडे बघितलं.

"दिसत होता तुला?"

"हो."

"आणि फोन शेजारी का ठेवलास?"

"माझ्या हाताला येऊ नये म्हणून."

त्यांनी लिफाफा शर्टात खोचला आणि पळाले. खाली कुणाची तरी स्कूटर त्यांच्यासाठी चालूच ठेवलेली ऐकू येत होती. दार सताड उघडं राहिलं. मी ते पाच वाजेपर्यंत लावलं नाही. 

आठ वाजता दोघं बरोबरच आली. सूनबाई बसस्टँडवर उतरल्या तेव्हा चिरंजीव तिथे उभे होते म्हणे. त्यांनी मेजावर पोचपावती ठेवली. शिक्क्यावर वेळ: चार त्रेपन्न.

"सात मिनिटं उरली होती," सूनबाई म्हणाल्या. "कुठे राहिला होता लिफाफा?"

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, की पोचला ना, मग झालं. जीभ चावली.

"फ्रिजवर," चिरंजीव म्हणाले. "सगळंच सांगतो. ती लिफ्ट उघडली आणि अडकलो. साडेतीनला पिशवीत हात घातला तर लिफाफा नाही. आईला फोन लावला, म्हटलं घेऊन ये. सात वेळा लावला. सातव्या वेळी शेजारच्या काकूंनी उचलला. त्यांना म्हटलं, आईला हाक मारा, तुमच्या पाया पडतो. तर म्हणाल्या, पाचच्या आत द्यायचा नाही असं सांगून गेल्यात. आणि ठेवला."

सूनबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही घरी होतात?"

"ह्याच खुर्चीत. दोन दहा ते चार अठरा."

"दोन तास आठ मिनिटं," त्या म्हणाल्या. त्यांचा हिशेब चुकत नाही. आणि मग त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग इतकं की त्या जमिनीवरच बसल्या. चिरंजीव पण बसले. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी विचारलं, "कागदात काय लिहिलं होतं?"

"एक वर्ष थांबा म्हणून. नाही म्हणायला माझा अजून धीर होत नाही, आई. आठवड्याला आठच होतात." डोळे पुसून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण आठ खरे आहेत ना?"

"आजचा धरून नऊ," तो म्हणाला.

"आजचं काम फळ्यावर नव्हतं. आठ."

ह्यावर त्यांचं भांडण चाललंय, अजून, स्वयंपाकघरात. मी खोलीत येऊन दार लावून घेतलं आहे. गीझर चालू आहे असा आवाज येतोय. शेजारणीनं मघाशी बेल वाजवून विचारलं, फोन देऊ का, पाच कधीच वाजून गेले. मी म्हटलं, असू दे आठवडाभर तुमच्याकडेच.